आकाशात क्षणभर चमकलं ते काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक कसं ओळखायचं यावर आपण चारच ओळी दिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर सॅटेलाईटच्या चमकण्यालाच देतोय. बहुतेकांचं म्हणणं एकच, "एक तारा एकदम पेटला आणि विझला, तो काय होता?" आणि बहुतेकांनी वेळ लिहिलेलीच नाही, दिशाही नाही. म्हणून उत्तरांच्या आधी एक विनंती करतो, असं काही दिसलं की लगेच मोबाईलमध्ये वेळ बघा, मिनिटापर्यंत, आणि कुठल्या दिशेला आणि साधारण किती उंचीवर दिसलं ते टाईप करून ठेवा. एवढं असेल तर दहातल्या बऱ्याच चमका नावासकट ओळखता येतात, नसेल तर फक्त अंदाज.

प्रश्न : साधारण २००५-०६ ची गोष्ट, उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. संध्याकाळी एक बारीक तारा सरकताना दिसायचा आणि चालता चालता एकदम शुक्रापेक्षा कितीतरी जास्त उजळायचा, पाच-सात सेकंदांत परत गायब. शेजारी म्हणायचे विमानाचा लाईट, मला ते कधी पटलं नाही. आता कित्येक वर्षांत तसं दिसलेलं नाही. (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच होतं. वर्णन इतकं नेमकं आहे की शंकेला जागा नाही, तुम्ही इरिडियम फ्लेअर, म्हणजे इरिडियम नावाच्या सॅटेलाईटची चमक बघत होतात. आकाश बघणाऱ्या आमच्या पिढीला या फ्लेअर्सनी जेवढा आनंद दिला तेवढा माणसाने बनवलेल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूने दिला नसेल, त्यामुळे याचं उत्तर जरा मोकळेपणाने देतो.

इरिडियम ही सॅटेलाईट फोनची योजना, मूळ मोटोरोला कंपनीची. पृथ्वीच्या पाठीवर कुठूनही फोन लागावा म्हणून ६६ सॅटेलाईट, सहा कक्षांमध्ये प्रत्येकी ११, जमिनीपासून साधारण ७८० किलोमीटरवर, जवळजवळ ध्रुवांवरून फिरणारे. पहिले पाच सॅटेलाईट मे १९९७ मध्ये गेले. प्रत्येक सॅटेलाईटला तीन मोठे अँटेना होते, घराच्या दाराएवढे, १८८ सेंटीमीटर लांब आणि ८६ सेंटीमीटर रुंद, एकदम सपाट आणि वरून चांदीचा थर दिलेलं टेफ्लॉन, म्हणजे थोडक्यात आरसेच. तिन्ही एकमेकांपासून १२० अंशांवर आणि सॅटेलाईटच्या अंगाशी ४० अंशांत कललेले. आता लहानपणी आपण हातातल्या आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायचो ना, तसंच हे, फक्त आरसा ७८० किलोमीटर उंचावर आणि भिंत म्हणजे आपली जमीन. सूर्य, अँटेना आणि तुमची गच्ची यांचा कोन बरोबर जुळला की तो कवडसा तुमच्या अंगावरून सरकत जायचा.

आणि हा कवडसा केवढा मोठा असेल याचं गणित फार सुंदर आहे. सूर्य आपल्याला बिंदू दिसत नाही, अर्ध्या अंशाची थाळी दिसते, म्हणून सपाट आरशातून परत आलेला प्रकाशही तेवढाच, अर्ध्या अंशाने पसरत येतो. ७८० किलोमीटर अंतरावर अर्धा अंश म्हणजे साधारण सात किलोमीटर, सॅटेलाईट डोक्यावर नसून तिरका असेल तर अंतर वाढतं आणि कवडसा दहा किलोमीटरच्या पुढे जातो. म्हणजे ऐन झगमगाट फक्त एवढ्याशाच पट्ट्यात. पुण्यात डोळे दिपावेत असा फ्लेअर आणि त्याच क्षणी लोणावळ्यात बघणाऱ्याला जेमतेम एक साधा तारा, असं होणं अगदी शक्य होतं. तुमच्या शेजाऱ्यांचा मुलगा त्याच रात्री दुसऱ्या गावात असता तर त्याने तुमचं म्हणणं उडवूनच लावलं असतं!

किती तेजस्वी? तेज मोजायचं माप म्हणजे मॅग्निट्यूड, त्यात शुक्र जास्तीत जास्त उणे ४.६ च्या आसपास जातो आणि चांगला इरिडियम फ्लेअर उणे ८ च्या आसपास. हे आकडे उलटे चालतात, जितके उणे तितकं तेजस्वी, आणि पाच मॅग्निट्यूडचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट. त्या हिशोबाने तो फ्लेअर शुक्राच्या वीसपट तरी झाला. नेमकं कुठे बघायचं माहीत असेल तर भर दिवसा निळ्या आकाशातसुद्धा लोकांनी हे फ्लेअर बघितलेत.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे हे आधी सांगता यायचं. फोनचं काम नीट चालावं म्हणून प्रत्येक सॅटेलाईटचा अँगल अगदी काटेकोर राखलेला असायचा, त्यामुळे त्याचे आरसे कुठल्या क्षणी कुठे तोंड करून असतील याचा हिशोब मांडता येत होता. हेवन्स अबव्ह नावाच्या वेबसाईटवर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकले की पुढच्या आठवड्याचे फ्लेअर सेकंदासकट मिळायचे. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात सांगणाऱ्याने हात वर करून "तिकडे बघा, पाच, चार, तीन" म्हणायचं आणि बरोबर तिथेच तारा पेटायचा, शंभर मुलं एकदम ओरडायची. ग्रहताऱ्यांच्या अभ्यासात गणिताने सांगितलेली गोष्ट डोळ्यांसमोर सेकंदाला सेकंद घडते हे मुलांना दाखवायला याच्याइतकं सोपं साधन मला तरी दुसरं माहीत नाही.

आता का दिसत नाही ते. कंपनीचं तर १९९९ मध्येच दिवाळं निघालं होतं, काही अब्ज डॉलर ओतलेली ती सगळी व्यवस्था पुढे अडीच कोटी डॉलरला विकली गेली, मध्ये एक वेळ अशीही आली होती की सगळे सॅटेलाईट खाली आणून जाळायचं घाटत होतं. ते वाचले म्हणून तुमच्या त्या उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सजल्या. २००९ च्या १० फेब्रुवारीला त्यातला इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ सायबेरियाच्या वर एकमेकांवर आदळले, दोन अख्ख्या सॅटेलाईटची अशी टक्कर ही पहिलीच. मग जानेवारी २०१७ ते जानेवारी २०१९ या दोन वर्षांत नव्या पिढीचे ७५ सॅटेलाईट गेले, त्यांच्या रचनेत ते तीन आरसे नाहीत. जुने एकेक करून वातावरणात आणून जाळले. काही निकामी झालेले जुने अजून वर गडगडत फिरतायत आणि कधीतरी अचानक लुकलुकून जातात, पण ते आधी कोणी सांगू शकत नाही. सर, तुम्ही बघितलंत ते आता परत तसं दिसणार नाही, त्यामुळे ज्या तारखा आठवत असतील त्या लिहून ठेवा.

प्रश्न : मी नववीत आहे. अवकाश स्थानक मी तीनदा बघितलं. दोनदा ते आकाशाच्या मध्येच विझून गेलं, ढग नव्हते. असं का? आणि ते रात्री बारा वाजता का दिसत नाही? (नांदेड)

खूप छान निरीक्षण आहे तुझं, आणि दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, पृथ्वीची सावली. स्थानकाला स्वतःचा दिवा नाही, आपल्याला जे दिसतं ते त्याच्यावर पडलेलं ऊन. आपल्याकडे सूर्य मावळला तरी ४०० किलोमीटर वर अजून ऊन असतं. सूर्य जसजसा क्षितिजाखाली जातो तशी सावलीची कड वर वर चढते, आणि स्थानक चालता चालता त्या कडेत शिरलं की विझतं. पुढच्या वेळी दुर्बीण असेल तर त्याच जागेवर धरून ठेव, विझताना ते आधी पिवळट मग तांबूस होतं, कारण शेवटचं ऊन पृथ्वीच्या वातावरणातून गाळून येतं. म्हणजे स्थानकावरच्या अंतराळवीरांचा सूर्यास्त तू नांदेडच्या गच्चीवरून बघत असतेस!

हिशोब करून बघ. पृथ्वीची त्रिज्या ६३७८ किलोमीटर धर, सूर्य २० अंश खाली गेला की डोक्यावरची सावली साधारण ४१० किलोमीटर उंचीला पोचते, म्हणजे स्थानक त्यात. आपल्याकडे सूर्य २० अंश खाली जायला दीड तासाच्या आत-बाहेर लागतो. ५५० किलोमीटरवरच्या सॅटेलाईटसाठी हाच आकडा २३ अंश, ७८० साठी २७ अंश. मध्यरात्री महाराष्ट्रात सूर्य जूनमध्येसुद्धा जवळजवळ ४८ अंश खाली असतो, मग एवढ्या खालून फिरणाऱ्याला डोक्यावर ऊन मिळणार कुठून? वरचे आकडे कोसाईन वापरून तू स्वतः काढू शकतेस, नववी-दहावीच्या त्रिकोणमितीत हे बसतं. सरांना किंवा बाईंना दाखव.

प्रश्न : पुण्यात असताना मी हबल टेलिस्कोप नुसत्या डोळ्यांनी बघायचे, एकदा तो दोन-तीन सेकंद छान उजळलाही होता. लंडनला आल्यापासून अॅप हबलचं नावच दाखवत नाही. उलट स्थानक मात्र जूनमध्ये एका रात्रीत चार-चार वेळा दिसतं. हे काय गौडबंगाल? (एक वाचक, लंडन)

गौडबंगाल काही नाही ताई, कक्षेचा कल. हबल १९९० मध्ये फ्लोरिडातून गेला आणि त्याची कक्षा विषुववृत्ताशी फक्त २८.५ अंश कललेली आहे, म्हणजे तो २८.५ उत्तर ते २८.५ दक्षिण या पट्ट्याच्या बाहेर कधी जातच नाही. महाराष्ट्र आणि गोवा पूर्ण त्या पट्ट्यात, म्हणून आपल्या अगदी डोक्यावरून जातो. लंडन ५१.५ अंशांवर, तिथून तो क्षितिजाच्याही खाली. युरोपातल्या कितीतरी हौशी निरीक्षकांनी हबल आयुष्यात बघितलेला नाही आणि आपल्याकडे तो घराच्या गच्चीवरून दिसतो, हे आपल्याकडच्याच लोकांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. चीनच्या तियानगोंग स्थानकाचंही तसंच, त्याचा कल ४१.५ अंश, आपल्याकडे झकास दिसतं.

अवकाश स्थानकाचा कल ५१.६, म्हणजे लंडनच्या बरोबर डोक्यावर वळण घेतं. आणि जूनमध्ये लंडनला मध्यरात्री सूर्य जेमतेम १५ अंश खाली असतो, वर नांदेडच्या उत्तरात बघा, तेवढ्याने सावली स्थानकापर्यंत चढतच नाही, म्हणून दर दीड तासाने येणारी प्रत्येक फेरी उन्हातच. तुमच्या वाटणीचा हबल आमच्याकडे आणि आमच्या वाटणीच्या रात्रभराच्या फेऱ्या तुमच्याकडे गेल्या.

हबल उजळला ते त्याच्या सपाट सोलर पॅनलमुळे, पण तो दुर्बिणीचं तोंड सारखं वेगवेगळ्या ताऱ्यांकडे वळवतो, त्यामुळे त्याची चमक आधी सांगता येत नाही, दिसली तर नशीब.

प्रश्न : आमच्या गावावरून पहाटे दिव्यांची सरळ रांग गेली, आगगाडीसारखी. लोकं घाबरली. गेल्या खेपेला चंद्रपूर जिल्ह्यात आकाशातून लोखंडाची रिंग पडली होती ना, हे तसलंच काही होतं का? (नागपूर जिल्हा)

नाही, आणि या दोन्हीत फरक करणं सोपं आहे. तुम्ही बघितली ती स्टारलिंकची ट्रेन. इंटरनेटसाठीचे हे सॅटेलाईट एका रॉकेटमधून डझनांनी सोडतात, पहिले ६० मे २०१९ मध्ये गेले, आता वर आठ हजारांपेक्षा जास्त आहेत. सोडल्यानंतर पहिले काही दिवस ते खालच्या उंचीवर आणि एकामागे एक असतात म्हणून रांग दिसते, पुढे पांगतात, वर चढतात आणि मंद होतात. ठिपके शांत, सारख्या वेगाने, शेपूट नाही, तुकडे नाहीत, आणि सावलीत शिरताना एकाच जागी एकेक करून विझतात. यात पडण्यासारखं काही नाही, घाबरायचं कारण नाही.

चंद्रपूरचं प्रकरण वेगळं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, रात्री पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात हजारो लोकांनी नारिंगी जळते तुकडे शेपटीसकट जाताना बघितले, आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली. चीनच्या लाँग मार्च थ्री बी रॉकेटचा वरचा टप्पा वातावरणात परत शिरला होता असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. तिथे वस्तू स्वतः जळत होती, त्याला सूर्याची गरज नाही, म्हणून तसलं दृश्य मध्यरात्रीही दिसू शकतं. परावर्तनाची चमक आणि जळणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आणि जळते तुकडे दिसल्यावर कुठे काही पडलंच तर हात लावू नका, रॉकेटच्या इंधनाचे अवशेष विषारी असू शकतात, तहसीलला किंवा पोलिसांना कळवा.

प्रश्न : एक तारा चालत होता आणि दर चार-पाच सेकंदांनी उजळत होता, मध्ये जवळजवळ दिसेनासा. विमान असेल का? (रत्नागिरी)

विमानाचे दिवे सेकंदाला एकदा वगैरे फटाफट लुकलुकतात आणि सोबत लाल-हिरवा रंग असतो. तुमचं वर्णन रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याचं वाटतं. काम संपल्यावर त्याला सरळ धरून ठेवणारं कोणी नसतं, तो लांबुळका पिंप कोलांट्या खात फिरतो, आडवी बाजू आपल्याकडे आली की उजेड, टोक आलं की अंधार. पुढच्या वेळी स्टॉपवॉच लावून दहा चमकांचा एकूण वेळ घ्या आणि दहाने भागा. जगभरातले हौशी लोक अशा वेळा वर्षानुवर्षं नोंदवत आलेत आणि त्यावरून एखाद्या टप्प्याचं गडगडणं कसं बदलत जातं ते कळतं.

प्रश्न : मार्चमध्ये कन्या राशीचा टाईमलॅप्स घेत होतो, ट्रायपॉड स्थिर. रात्री साडेबाराच्या आगेमागे दोन ठिपके हळूहळू उजळले आणि काही मिनिटांनी विझले, पण बाकीचे तारे पश्चिमेला सरकले तरी हे जागचे हलले नाहीत. कॅमेऱ्याचा दोष आहे का? (सोलापूर)

दोष अजिबात नाही, फार थोड्या लोकांना मिळतं असं काही तुमच्या हाती लागलंय! हे भूस्थिर सॅटेलाईट. ३५,७८६ किलोमीटरवर, पृथ्वीबरोबर बरोबर एका दिवसात एक फेरी, म्हणून आपल्याला जागचे हलत नाहीत आणि मागून तारे सरकत जातात. आपल्या डिश अँटेना ज्यांच्याकडे तोंड करून बसलेल्या असतात तेच हे. एरवी ते दहा-बारा मॅग्निट्यूडचे, डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही, पण वर्षातून दोनदा थोडे दिवस त्यांच्या सोलर पॅनलवरचं ऊन थेट आपल्याकडे येतं आणि ते दुर्बिणीत सहज, क्वचित नुसत्या डोळ्यांनाही दिसतात.

दोनदाच का, तर सूर्य विषुववृत्ताच्या आसपास असेल तेव्हाच हा कोन जुळतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे आपल्याला हे सॅटेलाईट खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेघेवर, न दिसता तीन अंश दक्षिणेला दिसतात, त्यामुळे चमकायचा दिवस बरोबर २१ मार्चला न येता थोडा आधी येतो आणि सप्टेंबरात थोडा नंतर. महाराष्ट्राच्या अक्षांशाला हिशोब केला तर मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरचे पहिले काही दिवस. तुमचा फोटो कुठल्या तारखेचा ते लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगतो ती तारीख दहा-पंधरा मार्चच्या जवळपासची असणार. सोलापूरहून दक्षिणेला ६८-६९ अंश उंचीवर कॅमेरा लावा, ७४ आणि ८३ अंश पूर्व रेखांशावर आपलेच इन्सॅट-जीसॅट आहेत. ते पृथ्वीच्या सावलीत साधारण सत्तर मिनिटं जातात आणि शिरायच्या थोडं आधी आणि निघाल्यावर लगेच सगळ्यात जास्त चमकतात. ३० सेकंदांचे फोटो लागोपाठ घ्या, तारे रेघा होतील आणि सॅटेलाईट ठिपके राहतील. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आड आला नाही तर आकाश धुतलेलं मिळतं. फोटो आला की आम्हाला जरूर पाठवा, पुढच्या अंकात छापू.

प्रश्न : आपण एवढं कौतुक करताय पण शास्त्रज्ञांना याचा त्रास होतो असं वाचलं. खरं का? (ठाणे)

खरं आहे, आणि कौतुक आणि काळजी दोन्ही मला मनापासून वाटतात. त्रास नवा नाही. १९८० च्या दशकात ययाती तारकासमूहाच्या भागात कॅनडातल्या हौशी निरीक्षकांना गूढ चमका दिसायला लागल्या, एखाद्या अज्ञात ताऱ्याचा स्फोट असावा म्हणून मोठ्या शोधपत्रिकेत लेख आला. १९८७ मध्ये दाखवून दिलं गेलं की १९ मार्च १९८५ ची चमक कॉसमॉस १४०० या सोव्हिएत सॅटेलाईटची होती. अलीकडचं उदाहरण तर अजून मोठं. जीएन-झेड११ ही तेव्हा माहीत असलेल्या सर्वात दूरच्या दीर्घिकांपैकी एक, तिच्या जागी २०१७ मध्ये हवाईच्या केक दुर्बिणीत एक चमक टिपली गेली, विश्वाच्या बालपणातला गॅमा किरण स्फोट असेल असा दावा झाला, आणि दुसऱ्या गटाने हिशोब मांडून सांगितलं की त्या वेळी त्या जागेवरून रशियन प्रोटॉन रॉकेटचा ब्रीझ-एम टप्पा जात होता. विश्वाच्या टोकाची बातमी आणि आपल्या डोक्यावरचा भंगार टप्पा, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात.

आता संख्या वाढतेय. चिलीतली ८.४ मीटरची रुबिन वेधशाळा एका दमात आकाशाचा मोठा तुकडा टिपते, तिच्या फोटोत रेघा येणारच. स्टारलिंकने २०२० मध्ये काळा रंग दिलेला एक सॅटेलाईट पाठवून बघितला, नंतर सावली देणारे पडदे लावले, मग प्रकाश दुसरीकडे वळवणारा थर आणला, प्रयत्न झालेत हे मान्य करायला हवं. खगोलशास्त्रज्ञांची मागणी अशी की सॅटेलाईट सातव्या मॅग्निट्यूडपेक्षा मंद असावेत, म्हणजे नुसत्या डोळ्याला दिसूच नयेत. पण दुसरीकडे फोनला थेट सिग्नल देणारे प्रचंड अँटेना येतायत. सप्टेंबर २०२२ मध्ये गेलेल्या ब्लूवॉकर ३ चा अँटेना ६४ चौरस मीटर होता आणि तो आकाशातल्या सर्वात ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला, ०.४ मॅग्निट्यूडपर्यंत. त्याच मालिकेतला नवा ब्लूबर्ड २२३ चौरस मीटरचा, तो २४ डिसेंबर २०२५ ला आपल्याच श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने गेला. रॉकेटचा अभिमान आहेच, सहा टनांचं ओझं त्याने नेलं, पण असे आणखी डझनावारी वर गेले तर आकाशाचं काय होईल हा प्रश्न आपल्याकडेही जोरात विचारला जायला हवा. मला स्वतःला असं वाटतं की अधूनमधून येणारी एक चमक हा आनंद आहे आणि दर मिनिटाला दिसणारी चमक हे अतिक्रमण आहे, आणि ही सीमा कंपन्यांनी एकट्याने ठरवू नये.

प्रश्न : इरिडियम गेले, मग आता मुलांना काय दाखवू? मोबाईलवर फोटो येईल का? डोळ्यांना अपाय? (कुडाळ)

डोळ्यांचं आधी, नुसत्या डोळ्यांनी कुठलाही फ्लेअर बघायला काहीच धोका नाही, पौर्णिमेचा चंद्र याच्यापेक्षा कितीतरी तेजस्वी असतो. फक्त दिवसा सूर्याच्या आसपास दुर्बीण फिरवू नका आणि मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका.

दाखवायला अवकाश स्थानक सगळ्यात भरवशाचं. हेवन्स अबव्ह अजून चालू आहे, गावाचं ठिकाण अचूक टाका, ४० अंशांपेक्षा उंच जाणारी फेरी निवडा, आणि यादीत सावलीत शिरायची वेळ दिलेली असते ती मुलांना आधीच सांगून ठेवा, मग विझायच्या क्षणाला आकडे मोजायला लावा, इरिडियमच्या वेळची मजा बरीचशी परत येते. हबल आणि तियानगोंगही तिथेच मिळतील.

दुसरी एक गोष्ट कुडाळकरांना खास सांगतो कारण तुमच्याकडे पश्चिमेला समुद्र आहे. स्टारलिंकचा तळ सपाट आणि कायम जमिनीकडे तोंड केलेला असतो, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली ४० अंशांच्या आसपास गेला की त्यावरून घसरत आलेला प्रकाश अगदी क्षितिजालगत दिसतो, एकामागून एक ठिपके काही सेकंद उजळतात आणि विझतात, सगळे एकाच भागात. २०२२ पासून विमानाच्या पायलटांना हे दिसायला लागलं आणि काहींनी तर अनोळखी यानं म्हणून कळवलंसुद्धा. आपल्याकडे हा कोन सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांनी येतो. किनाऱ्यावर, दिवे नसलेल्या जागी, जिथे सूर्य बुडाला त्याच्या थोडं उजवीकडे, क्षितिजापासून चार-पाच अंशांच्या आत बघा. थंडीत हवा स्वच्छ असते तेव्हा जा, धुक्यात आणि उन्हाळ्यातल्या धुरकट हवेत एवढ्या खालचं काही दिसत नाही.

फोटो मोबाईलवर येतो. हात स्थिर राहत नाही म्हणून ट्रायपॉड, नसेल तर विटेला टेकवून ठेवा. प्रो मोडमध्ये आयएसओ ४०० ते ८००, शटर दहा सेकंदांपासून तीस पर्यंत, फोकस अनंतावर, आणि बटण दाबताना फोन हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर. स्थानकाची सलग रेघ येईल, चमक आली तर रेघ मध्ये जाड होऊन दोन्हीकडे निमुळती होईल. विमानाची रेघ तुटक ठिपक्यांची येते, एवढ्यावरून फोटोतसुद्धा लगेच ओळखता येतं. फोनचं घड्याळ ऑटोमॅटिक वेळेवर ठेवा, म्हणजे फोटोबरोबर वेळ आपोआप नोंदली जाते आणि नंतर यादीशी ताडून नाव शोधता येतं.